आर्मी भरतीचे शब्द: फॉर्म भरण्यापासून रेकॉर्ड ऑफिसपर्यंत

पहाटे साडेचार-पाचला दारव्हा, पुसद, चिमूर, मोर्शी अशा कुठल्याही रस्त्यावर गाडी काढा, हेडलाइटच्या उजेडात धावणारी पोरं दिसतीलच. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचं हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. ‘टीआर’ म्हणजे काय, ‘कॉर्पस’ कशाला कापतात, ‘रेलिगेट’ झाल्यावर काय होतं, हे विचारलं की मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पळता येऊनही घरी परतलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यातली निम्मी कागदावरचा एखादा शब्द न कळल्यामुळे परतली. म्हणून हे शब्द ज्या क्रमाने तुमच्यासमोर येतात, त्याच क्रमाने इथे घेतो. रुबाबदार शब्दांपेक्षा ज्यांच्याखाली तुमची सही असते त्यांना जास्त जागा दिली आहे.

पहिलं काम: भरती नेमकी कोणाची?

आपल्याकडे खाकी असो की हिरवा, सगळ्यालाच ‘मिलिटरी’ म्हणतात. सगळ्यात मोठा घोळ ‘जीडी’ या दोन अक्षरांचा आहे. कर्मचारी निवड आयोग, म्हणजे एसएससी, जी जीडी कॉन्स्टेबलची परीक्षा घेतं ती सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा दलांसाठी असते. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात आणि तिथली नोकरी नियमित असते. आर्मीचं ‘अग्निवीर जीडी’ संरक्षण मंत्रालयाखाली येतं आणि त्याची मुदत चार वर्षांची. दोन्हीकडे जीडी म्हणजे जनरल ड्युटीच, पण फॉर्म, परीक्षा, पगार, पेन्शन सगळं वेगळं. हिंगण्याचा सीआरपीएफचा कॅम्प, एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस, गडचिरोली पोलिसांचे सी-६० कमांडो हे कोणीही आर्मी नव्हेत. पुलगावचा दारूगोळा डेपो आर्मीचाच आहे, पण तिथे निघणाऱ्या बहुतेक जागा सिव्हिलियन कर्मचाऱ्यांच्या असतात. एअर फोर्स आणि नेव्हीच्या अग्निवीरांचे फॉर्मही स्वतंत्र निघतात.

हे घरच्यांनाही समजावून सांगा. मुलगी बघायला गेल्यावर ‘पर्मनंट आहे का?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर तुम्ही कोणता फॉर्म भरला यावर ठरतं.

नोटिफिकेशन वाचताना

एआरओ म्हणजे आर्मी रिक्रूटिंग ऑफिस, आपल्या बोलीत भरती ऑफिस. विदर्भातल्या दहा जिल्ह्यांची भरती नागपूरच्या एआरओकडे आहे. बुलढाणा मात्र छत्रपती संभाजीनगरच्या एआरओकडे जातो. त्यामुळे मेहकर-चिखलीच्या पोरांनी नागपूरच्या रॅलीच्या तारखेवर विसंबू नये. तुमचा जिल्हा डोमिसाइलवरून ठरतो. अकॅडमी कुठे लावली याच्याशी त्याचा संबंध नाही. नागपूरला खोली करून राहणाऱ्या मेहकरच्या पोराला भरतीसाठी संभाजीनगरच.

सीईई म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा. २०२३ पासून ही ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असा क्रम झाला. त्याआधी उलटं होतं, आधी धावायचं आणि मग पेपर. गावातले जुने फौजी अजून जुना क्रम सांगतात. त्यांचं ऐकून पोरगा नुसता पळत राहतो आणि पेपरातच अडकतो. जीडीच्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण आणि एक तास. चुकलेल्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो, याला निगेटिव्ह मार्किंग म्हणतात. दोन गुणांच्या प्रश्नामागे अर्धा जाणार असेल, तर चारपैकी दोन पर्याय नक्की खोडता येतात तिथे अंदाज लावायला हरकत नाही. काहीच माहीत नसेल तर प्रश्न सोडून पुढे जा.

ट्रेड किंवा कॅटेगरी म्हणजे तुम्ही कशासाठी उभे आहात ते. जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकलला बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-गणितासह. क्लार्कला बारावी ६० टक्क्यांनी, त्यातही प्रत्येक विषयात ५० हवेत. इथे आर्ट्सचा चांगला विद्यार्थीही एखाद्या विषयापायी अडकतो. ट्रेड्समन म्हणजे आचारी, धोबी, न्हावी, हाउसकीपर, मेसकीपर वगैरे. त्यात दहावी पासचे आणि आठवी पासचे असे दोन भाग आहेत. ‘आत शिरल्यावर ट्रेड बदलून घेऊ’ असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून घरी या.

मॅट्रिक सर्टिफिकेट म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र, आणि आर्मीच्या लेखी खरं तेच. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे आधारवर ‘ज्ञानेश्वर’, मार्कशीटवर ‘न्यानेश्वर’, टीसीवर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी, हे घरोघरी आहे. फॉर्म निघायच्या दोन-तीन महिने आधीच आधार दुरुस्त करून घ्या. रॅलीच्या आदल्या रात्री ते होत नसतं.

जन्मतारखेचा पट्टाही नोटिफिकेशनमध्येच बघा. योजनेचं मूळ वय साडेसतरा ते एकवीस, पण सवलती आणि बदल होत असतात. छापलेल्या दोन तारखांच्या मधे तुमची तारीख बसते की नाही, एवढंच पाहायचं. अठरा पूर्ण नसतील तर कन्सेंट, म्हणजे आई-वडिलांच्या सहीचं संमतीपत्र लागतं.

ग्राउंडवरचे शब्द

रॅली म्हणजे मैदानी चाचणी, कागदपत्रं आणि मेडिकल असा एकत्र कार्यक्रम. अ‍ॅडमिट कार्डवर जो रिपोर्टिंग टाइम असतो तो बहुतेकदा रात्रीचा किंवा पहाटेचा असतो. त्या वेळी गेटवर उभं राहायचं असतं. वणीहून किंवा अहेरीहून येणाऱ्याने एसटीचं वेळापत्रक आदल्या दिवशीचं बघावं.

पीएफटी ही शारीरिक क्षमतेची चाचणी, १०० गुणांची. त्यात ६० गुण धावण्याचे आणि ४० बीमचे. १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत काढलं तर ग्रुप वन, पूर्ण ६०. त्यापुढच्या वेळांचे ग्रुप नोटिफिकेशनमध्ये दिलेले असतात, तिथे गुण उतरत जातात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर हे चार राउंड होतात, म्हणजे एका राउंडला सरासरी ८२ सेकंद. आपली पोरं डांबरी रस्त्यावर दुचाकीच्या किलोमीटरवर अंतर मोजतात आणि तिथेच फसतात. टायर बदललेला असला, काटा जुना असला की अंतर शंभर मीटरनेही चुकतं. तालुक्याच्या क्रीडा संकुलात ट्रॅक असेल तर आठवड्यातून एकदा तिथे वेळ लावा.

बीम म्हणजे आडवा दांडा धरून वर जाणं. दहा झाले की ४० गुण, सहाच्या खाली नापास. हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली यायचं आणि हनुवटी दांड्याच्या वर न्यायची. पाय झटकून, झोका घेऊन काढलेला बीम समोरचा उस्ताद मोजतच नाही. तो पुन्हा ‘सहा’ म्हणतो आणि तुम्ही मनात ‘आठ’ म्हणत असता. बांधावरच्या कडुनिंबाच्या फांदीवर सराव करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मैदानातला दांडा लोखंडी असतो आणि तुमच्या आधीच्या पन्नास जणांच्या घामाने निसरडा झालेला असतो.

डिच म्हणजे नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग म्हणजे वाकड्या अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत जाणं. याला गुण नाहीत, पण पास व्हावंच लागतं.

पीएमटी म्हणजे उंची, वजन, छाती. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला जीडीसाठी उंची १६८ सेंटिमीटर, आदिवासी उमेदवाराला सवलत. गडचिरोली, मेळघाट, किनवटलगतच्या पोरांनी जातीचा दाखला आणि सवलतीचा नेमका मजकूर सोबत ठेवावा. छाती ७७ आणि एक्सपान्शन, म्हणजे श्वास भरल्यावरचा फुगवटा, किमान ५ सेंटिमीटर.

कागदांच्या टेबलावर कॅरेक्टर सर्टिफिकेट आणि अनमॅरिड सर्टिफिकेट मागतात. सरपंच किंवा पोलीस पाटलाकडून फोटो लावून, शिक्क्यासह, दिलेल्या नमुन्यातच ते घ्यायचे. चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटला पाहिजे. अ‍ॅफिडेव्हिटचा नमुनाही नोटिफिकेशनसोबतच येतो, तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याच्या मनाचा चालत नाही. एनसीसीचं ए, बी किंवा सी प्रमाणपत्र असेल तर बोनस मार्क मिळतात, ते फॉर्म भरतानाच नोंदवा.

अलीकडे अ‍ॅडाप्टेबिलिटी टेस्टही घेतात. नवख्या ठिकाणी, शिस्तीत, दहा प्रांतांच्या लोकांत तुम्ही राहू शकता का, हे त्यातून बघतात. गाइड पाठ करून तिचा उपयोग नाही. आपण आहोत तसं उत्तर द्यायचं.

मेडिकल: इथे घाई नको

सगळ्यात जास्त पोरं इथे नाहक हरतात. मेडिकलमधून बाहेर येताना हातात तीनपैकी एक शब्द असतो. फिट म्हणजे पुढे. टीआर म्हणजे टेम्पररी रिजेक्ट: आज एक दोष दिसला, पण तो दुरुस्त होण्याजोगा किंवा तज्ज्ञाला पुन्हा दाखवण्याजोगा आहे. पीआर म्हणजे पर्मनंट रिजेक्ट.

टीआर ऐकलं की पोरगं खांदे पाडून थेट बसस्टँड गाठतं. असं करू नका. टीआर झालेल्याला एक स्लिप मिळते. तिच्यावर कोणत्या एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, किती दिवसांत जायचं ते लिहिलेलं असतं. याला रिव्ह्यू म्हणतात. तिथला तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा तपासतो आणि त्याने फिट म्हटलं तर तुम्ही पुन्हा रांगेत. स्लिपवरची मुदत गेली की मात्र कोणी ऐकून घेत नाही. स्लिपचा फोटो काढा, मुदतीची तारीख घरच्यांना सांगा, आणि डॉक्टरने कोणता दोष लिहिला तो शब्द नीट विचारून घ्या.

ते शब्द बहुधा असे असतात. वॅक्स म्हणजे कानातला मळ. यावरून टीआर होणं म्हणजे खरंच वाईट वाटतं, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रातही कान साफ करून मिळतो. काडी घालून स्वतः करू नका, पडद्याला इजा झाली तर वॅक्सचा टीआर राहतो बाजूला आणि पीआर होतो. फ्लॅट फूट म्हणजे तळव्याला कमान नसणं. ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभं राहा, सगळा तळवा उमटला तर डॉक्टरला दाखवा. नॉक नी म्हणजे सरळ उभं राहिल्यावर गुडघे भिडणं पण घोटे न भिडणं. व्हेरिकोसिल आणि हायड्रोसिल हे अंडकोषाचे त्रास. लाजून सांगत नाहीत आणि मैदानात उघड होतात. कलर व्हिजन म्हणजे रंग ओळखणं, त्यातल्या दोषाला औषध नाही. ते दोन वर्षं मेहनत करण्याआधीच तपासून घ्या.

टॅटूबद्दल नियम स्पष्ट आहे. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर नाही. आदिवासी समाजातल्या परंपरागत गोंदणाला सवलत आहे. यात्रेत छातीवर गोंदवलेल्या वाघाला नाही.

मेरिट, डिस्पॅच आणि रेजिमेंट

मेरिट लिस्ट सीईई, पीएफटी आणि बोनस गुणांवरून लागते. ‘सगळं पास झालो तरी नाव नाही’ याचं कारण हेच, इथे पास होणं आणि निवड होणं वेगळं आहे. डिस्पॅच म्हणजे एआरओने तुम्हाला कागदांसह ट्रेनिंग सेंटरकडे रवाना करणं. तोवर पोलीस व्हेरिफिकेशन होतं. पोळ्याच्या भांडणात गावातल्या चारचौघांसोबत तुमचंही नाव एनसीमध्ये, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीत, आलं असेल, तर ते लपवू नका. खोटी माहिती नंतर उघडी पडली तर नोकरी जाते.

रेजिमेंट किंवा कोर म्हणजे तुमचं आर्मीतलं घराणं. सेंटर म्हणजे तिचं प्रशिक्षणाचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्सचं पुण्याचं खडकी, तोफखान्याचं नाशिक रोड, रणगाड्यांचं अहिल्यानगर. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर तर आपल्या कामठीतच आहे. पण गार्ड्समध्ये लागलं म्हणजे कामठीत नोकरी, असं नाही. ट्रेनिंग कामठीत, युनिट देशात कुठेही. सेंटर वेगळं, युनिट वेगळं, हा फरक आई-बाबांना सांगून ठेवा.

सही कराल ते शब्द

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. तिच्या अटीतला पहिला शब्द टेन्युअर, म्हणजे चार वर्षांची मुदत, ट्रेनिंग धरून. दुसरा पॅकेज: पहिल्या वर्षी महिना ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के कॉर्पस फंडसाठी कापले जातात, म्हणून इन हॅन्ड पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. ट्रॅक्टरचा हप्ता बांधताना वडिलांनी ३०,००० धरू नयेत.

कापलेले ९,००० काही बुडत नाहीत. चार वर्षांत तुमचे ५.०२ लाख जमतात, सरकार तेवढेच घालतं, व्याज धरून शेवटी सुमारे ११.७१ लाख मिळतात आणि त्यावर आयकर नाही. याला सेवा निधी म्हणतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा आहे आणि त्याचा हप्ता तुमच्या पगारातून जात नाही.

रेग्युलर केडर किंवा रिटेन्शन म्हणजे चार वर्षांनंतर कायम होणं. प्रत्येक बॅचमधले २५ टक्क्यांपर्यंत घेतात, आणि ज्यांना घेतलं त्यांना पुढे किमान १५ वर्षं सेवा. चारातला एक. माझं मत विचाराल तर चार वर्षांत पदवीचा अभ्यास चालू ठेवावा आणि सेवा निधीची एक दमडीही लग्नाच्या मंडपासाठी आधीच धरू नये. लग्नाबद्दल सांगायचं तर, अविवाहित असणं ही भरतीची अट आहे आणि सेवेत असतानाचा नियम करारात लिहिलेला असतो. साखरपुडा उरकायच्या आधी तो परिच्छेद घरात मोठ्याने वाचा.

आणखी एक. भरतीला पैसे लागत नाहीत, परीक्षा फी सोडून. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणारा दलाल दहा पोरांकडून पैसे घेतो, त्यातले दोघे स्वतःच्या जोरावर लागतात, त्यांचे पैसे तो ठेवतो आणि बाकीच्यांना पुढच्या भरतीचं गाजर दाखवतो.

सेंटरमध्ये गेल्यावर

तिथली भाषा हिंदी. शिकवणारा उस्ताद. फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहणं, रोल कॉल म्हणजे हजेरी, नफरी म्हणजे हजर माणसांची संख्या. लंगर म्हणजे स्वयंपाकघर, बड़ा खाना म्हणजे सगळ्यांची एकत्र पंगत. कोत ही हत्यारं ठेवायची खोली, फटीग म्हणजे साफसफाई-हमालीसारखी कामं आणि रगडा म्हणजे चुकलं की मिळणारी शिक्षा: कोलांट्या, रांगणं, फ्रंट रोल. सावधान-विश्राम तुम्हाला शाळेपासून येतं, ‘दाहिने मुड’ आणि ‘पीछे मुड’ मात्र आधीच घोटून जा. ‘पीछे मुड’ला डावीकडून वळलेला रिक्रूट पहिल्याच दिवशी उस्तादाच्या डोळ्यात भरतो.

सिक रिपोर्ट म्हणजे आजारपणाची नोंद. दुखणं लपवून धावू नका. नडगीतली बारीक चीर म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, आणि ती लपवली की पुढचा शब्द येतो: रेलिगेट. मागच्या वर्षी शेजारची एक मावशी धावतच आली.

“काहो गुरुजी, पोरगं रेलिगेट झालं म्हणते. म्हंजे घरी धाडते का आता त्याले?”

“नाही मावशी. थो तिथंच राह्यते. पाय बरा झाला का मागच्या बॅचसंग ट्रेनिंग करते.”

“मंग पगार?”

पोराला फोन लावून विचारलं, पगार चालू होता. मावशीचा जीव भांड्यात पडला. रेलिगेट म्हणजे मागच्या बॅचमध्ये टाकणं. वारंवार झालं तर मात्र धोका आहे. डिस्चार्ज म्हणजे सेवेतून कमी करणं, आणि प्रकृतीमुळे मेडिकल बोर्डाने कमी केलं तर बोर्ड आउट. न सांगता निघून आलात तर ते अ‍ॅब्सेंट विदाउट लीव्ह, आणि फार दिवस झाले की डेझर्टर म्हणून पोलीस गावात विचारत येतात. घरची आठवण येऊन पळून आलेल्या पोराला आई-वडिलांनी दोन दिवस लपवण्यापेक्षा त्याच दिवशी परत बसवून द्यावं.

ट्रेनिंगच्या शेवटी कसम परेड. धर्मग्रंथ आणि तिरंगा साक्षीला ठेवून शपथ होते आणि रिक्रूट सैनिक होतो.

खांद्या-दंडावरच्या खुणाही ओळखून ठेवा. अग्निवीर ही वेगळी श्रेणी आहे, तिचं चिन्हही वेगळं. दंडावर एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. मग जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. यांना ‘साहेब’ म्हणतात, अधिकाऱ्यांना ‘सर’. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे आणि लेफ्टनंटच्याही दोनच. सुभेदाराच्या ताऱ्यांसोबत लाल-पिवळी-लाल पट्टी असते, लेफ्टनंटच्या नसते. नव्या पोराची नजर ताऱ्यांवरच अडकते, त्याने आधी पट्टी बघावी. सुमारे दहा जणांचा सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, आणि अशा कंपन्यांची मिळून सुमारे आठशे जणांची बटालियन. तिचा प्रमुख सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर.

युनिटमध्ये आणि घरी

फील्ड म्हणजे सीमेवरची किंवा तणावाच्या भागातली नेमणूक, पीस म्हणजे छावणीची. लीव्ह अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. कापूस वेचणी आणि सोयाबीन काढणीला दोन्ही वेळा येईन असा शब्द घरी देऊ नका.

पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा असतो, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. नंबर, रँक, नाव, युनिट, एपीओ आणि नऊने सुरू होणारा पिन, एवढंच लिहायचं. गावाचं नाव, राज्य, ‘लेह’ किंवा ‘तवांग’ असं काही लिहू नये, आणि बहिणीने राखीचं पाकीट टाकताना व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला भावाचं ठिकाणही टाकू नये.

एनओके म्हणजे सर्वांत जवळचा नातेवाईक, नॉमिनी म्हणजे पैसे ज्याला मिळणार तो. दोन्ही जागी कोणाचं नाव लिहिलं हे पोराने घरी सांगून ठेवावं. पत्ता, बँक, नातं यात बदल झाला की तो पार्ट टू ऑर्डरने कागदावर चढतो. ऑर्डर निघाली का हे क्लार्कला विचारत राहायचं. हे सगळं कागद सांभाळणारं कार्यालय म्हणजे रेकॉर्ड ऑफिस, प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं. तिथे किंवा जिल्हा सैनिक कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न ‘आर्मी नंबर’ हाच असतो. तो नंबर, रेजिमेंट, सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता सातबारा ठेवता त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा. पोराच्या मोबाइलमध्ये आहे म्हणून चालणार नाही, फील्डमध्ये तो मोबाइल बंद असतो.